यमूचा आवाज कानातून जात नाही

लोकलमध्ये चढल्यावर ज्यांच्या लक्षात येतं की इअरफोन घरीच राहिले, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय. बोलताना जिथे पाल्हाळ झालं होतं, तिथे कात्री लावली आहे. बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय आहे हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ हे नाव मला शाळेपासून पाठ. जोड्या लावा, लेखक आणि कादंबरी, एक मार्क. पुस्तक मात्र कधी उघडलं नव्हतं. गेल्या वर्षी उघडलं. का, ते शेवटी सांगतो.

आधी काळ बघू. साल १८९०, व्हिक्टोरिया राणीचं राज्य. इंग्लंडमध्ये डिकन्सच्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने छापून येत आणि लोक पुढच्या हप्त्याची वाट बघत बसत, हे तोवर जुनं झालं होतं. पुण्यात हरिभाऊंनी ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक काढलं. वय २६. ही कादंबरी त्यात क्रमशः आली, ती थेट १८९३ पर्यंत. आपण वेब सिरीज एका रात्रीत संपवतो. तेव्हाच्या वाचकांकडे यमू तीन वर्षं येत राहिली. घरातलं माणूस व्हायला एवढा वेळ पुरतो.

आता गोष्ट. स्पॉयलर देतोय, पण सव्वाशेहून जास्त वर्षं झालीत, माफ करा. यमू स्वतःच आपली कहाणी सांगते. लहानपण, भाऊ, लहान वयातलं लग्न, सासर. तिची मैत्रीण दुर्गी, जिच्या वाट्याला वाईट नवरा येतो. यमूचं नशीब त्या मानाने बरं. नवरा रघुनाथ शिकलेला, तिला वाचायला शिकवणारा. मुंबईत दोघांचे दिवस छान जातात, आपण वाचताना सैल होतो. आणि मग रघुनाथ जातो. नंतर यमूचं केशवपन होतं, तिच्या मनाविरुद्ध, बळजबरीने. ते घडवून आणणारे सासरचे शंकर मामंजी वरून मोठे धार्मिक.

हे इतकं लागतं कशामुळे? माझ्या मते ‘मी’मुळे. आमच्या कामात बग रिपोर्ट येतात. ‘युजरला फॉर्म भरता येत नाही.’ वाचतो, प्रायॉरिटी टाकतो, पुढे जातो. पण एकदा त्या युजरच्या शेजारी बसून तो कसा अडकतो ते बघितलं, की रात्री झोप लागत नाही. ‘विधवांचा प्रश्न’ तेव्हा सभांमध्ये, वर्तमानपत्रांत भरपूर गाजत होता. हरिभाऊंनी वाचकाला यमूच्या शेजारी बसवलं.

गंमत बघा. १८४७ साली इंग्लंडमध्ये ‘जेन एअर’ आली, तीही एका मुलीने स्वतः सांगितलेली कहाणी. लिहिणारी बाई होती, शार्लट ब्राँटे, पण पुस्तकावर बाईचं की पुरुषाचं ते कळणार नाही असं टोपणनाव, करर बेल. पुण्यात उलटं. लिहिणारा पुरुष, आवाज यमूचा. दोन्हीकडे बाईचं म्हणणं ऐकवायला काहीतरी आडवळण घ्यावं लागलं.

मग या कादंबरीने समाज बदलला का? तसं मी म्हणणार नाही. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ मध्येच सुरू झालं होतं. संमती वयाचा कायदा १८९१ चा. त्याने मुलींचं संमती वय १० वरून १२ केलं, आणि तेवढ्यावरून केवढं रण माजलं! टिळकांचाही त्याला विरोध होता, सरकारने आपल्या धर्मात हात घालू नये म्हणून. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं. या सगळ्या गोष्टी आपापल्या वाटेने चालल्या होत्या. कादंबरीचं काम वेगळं. एका घरात सोवळं कडक पाळलं जातंय आणि त्याच घरात एक मुलगी रडतेय, तर धर्म नेमका कुठे आहे? हा प्रश्न तिने वाचकाच्या मनात सोडून दिला. माझ्या दृष्टीने हा प्रश्न आध्यात्मिकच आहे, पोथीत शोधा नाहीतर नका शोधू.

आणि तो जुना झालेला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो ४ मे २०२२ ला. म्हणजे कादंबरी संपल्यावर १२९ वर्षांनी.

आता माझं. गेल्या वर्षी गावी काका गेले. त्यांना नेण्याआधी आतल्या खोलीत बायकांनी काकूच्या बांगड्या फोडल्या. मी दारातच उभा होतो, नातेवाइकांना लोकेशन पाठवत. आवाज ऐकला. काकूने एकदा माझ्याकडे बघितलं. मी बीटेक झालेला, घरातला ‘शिकलेला मुलगा’. मी मान खाली घातली आणि परत मोबाईलमध्ये बघायला लागलो.

परत आलो. पनवेल स्टेशनवरून करंजाडेच्या रिक्षात बसलो आणि ते एक मार्काचं नाव डोक्यात आलं. ‘पण लक्षात कोण घेतो!’ त्याच रात्री वाचायला घेतली. आपट्यांचं लेखन आता हक्कमुक्त आहे, भाषा पहिली काही पानं अडते, मग अडत नाही. शंकर मामंजींचा राग सगळ्यांनाच येतो, त्यात विशेष काही नाही. मला त्रास झाला तो त्या घरात नुसतं उभं राहणाऱ्या माणसांचा. त्यांच्यात मी दिसत होतो.

पुस्तक संपल्यावर काकूला फोन केला. इकडचं तिकडचं बोललो. मग धीर करून विचारलं, “काकू, तुला बांगड्या घालाव्याशा वाटतात का गं?”

बराच वेळ काही नाही. मला वाटलं कॉल कट झाला.

मग म्हणाली, “तू त्या दिवशी मोबाईलमध्ये बघत होतास.”

मी “हो” म्हणालो. त्यानंतर ती बोलत राहिली, पाऊण तास. मी फक्त ऐकलं. बांगड्यांचं काय ते तिचं ती ठरवेल. आता दर रविवारी फोन असतो.

तुमच्याही घरात कुणीतरी यमू असेल. हा भाग संपला की इअरफोन काढा आणि तिला एक फोन लावा. भेटूच पुढच्या भागात.