तिसरा आला आणि जिंकला

३० टक्क्यांहून अधिक मतं मिळवणारा उमेदवार हरला आणि १७ टक्केवाला सिनेटर झाला! डिसेंबर १९८९मध्ये चिलीच्या सान्तियागो शहरात हे घडलं, तेही नियमांनुसार. हरले रिकार्दो लागोस, लष्करशहा पिनोशेचे कडवे विरोधक. जिंकले हायमे गुस्मान, पिनोशेच्या १९८०च्या राज्यघटनेचे मुख्य शिल्पकार.

हे गणित मुळातून पाहण्यासारखं आहे. प्रत्येक मतदारसंघात जागा दोन. मतं आधी आघाडीनुसार मोजायची. पहिल्या आघाडीला दोन्ही जागा हव्या असतील, तर दुसरीच्या दुप्पट मतं हवीत. नाहीतर दोन्हींना एकेक जागा. लागोस यांच्या आघाडीला सुमारे ६२ टक्के मतं पडली, गुस्मान यांच्या आघाडीला साडेबत्तीस. दुप्पट व्हायला थोडी कमी पडली! पहिल्या आघाडीची जागा लागोस यांच्या किंचित पुढे असलेल्या सहकाऱ्याला गेली, दुसरी गुस्मान यांना. साधारण एक तृतीयांश मतं टिकवली की निम्म्या जागा पदरात, अशी ही सोय.

१९७३मध्ये आयेंदे यांचं निवडून आलेलं सरकार उलथवून पिनोशे सत्तेवर आला. त्याच्या राजवटीत तीन हजारांहून अधिक माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. १९८८च्या सार्वमतात सुमारे ५६ टक्के लोकांनी त्याला नाकारलं आणि १९९०मध्ये त्याने अध्यक्षपद सोडलं. पण त्याआधीच राजवटीने ही निवडणूक पद्धत आणून ठेवली होती. जोडीला सिनेटमध्ये नऊ नेमलेले सदस्य, आणि महत्त्वाचे कायदे साध्या बहुमताने बदलायची सोयच नाही. लष्करप्रमुखपदावर तर तो स्वतः १९९८पर्यंत होता. लोकांनी नाकारलेल्या माणसाने लोकशाहीचे हात इतक्या कायदेशीरपणे बांधावेत, याने मी आजही थक्क होतो.

पुढे लागोस राष्ट्राध्यक्ष झाले. २००५मध्ये त्यांनी नेमलेल्या सिनेटरांची तरतूद हटवली आणि राज्यघटनेवर पिनोशेच्या जागी स्वतःची सही केली. दोन जागांची पद्धत मात्र २०१५पर्यंत टिकली.

२०१९मध्ये मेट्रोचं भाडं ३० पेसोंनी वाढलं आणि देश पेटला. त्या आंदोलनाच्या दबावातून वर्षभराने सार्वमत झालं आणि ७८ टक्के मतदारांनी नवी राज्यघटना मागितली. पण २०२२मध्ये पहिला मसुदा त्यांनीच फेटाळला. तो डावीकडे फार झुकलेला होता. उजव्यांचं वर्चस्व असलेला दुसरा मसुदा २०२३मध्ये फेटाळला गेला. पिनोशे २००६मध्ये वारला. त्याच्या काळातली ती राज्यघटना, अनेक दुरुस्त्यांसह, चिलीत अजून लागू आहे.