मधूनच तुटतं, मधूनच जुळतं

पूर्ण बंद पडलेला सर्व्हर परवडला. कुठे काय बिघडलंय ते निदान दिसतं. पण 'कनेक्शन मधूनच जातं आणि आपोआप परत येतं' असं कुणी म्हटलं की आम्हा सिस्टिम अ‍ॅडमिन मंडळींच्या पोटात गोळा येतो. दुखऱ्या दातासारखं असतं हे, डॉक्टरच्या खुर्चीत बसलं की नेमकं थांबतं.

इकडे इंग्लंडमध्ये मी एका छोट्या रुग्णालयाचे लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्या टीममध्ये आहे. गेल्या हिवाळ्यात तक्रार आली, की रक्ततपासणीचे रिपोर्ट प्रयोगशाळेतून वॉर्डाच्या स्क्रीनवर यायला कधीकधी पाव तास लागतो. दिवसा सगळं सुरळीत, त्रास फक्त रात्री आणि तोही रोज नाही. पेशंटचं पोटॅशियम वाढलेलं असेल, तर पाव तास फार मोठा असतो. रात्रपाळीच्या नर्सेस स्क्रीनवर विसंबणं सोडून प्रयोगशाळेला फोन करू लागल्या होत्या.

आम्ही आधी नेहमीचं सगळं केलं. केबल बदलली, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर तपासला, रात्रभर पिंग चालू ठेवलं. एकही पॅकेट हरवलं नाही. नेटवर्कवाले म्हणाले, 'आमच्याकडे सगळं हिरवं आहे.' कुणी सुचवलं, रीस्टार्ट करा. त्यानं चालू होतंच हो, पण खुणाही पुसल्या जातात.

धागा दिला तो एका नर्सनं. 'बराच वेळ एकही रिपोर्ट आला नाही, की त्यानंतरचा पहिला अडकतो,' ती म्हणाली. लॉगमधल्या वेळा मांडून पाहिल्या, तर अडकलेल्या प्रत्येक रिपोर्टच्या आधी तासाभराहून जास्त शांतता होती. आणि मधल्या फायरवॉलची मर्यादा होती बरोबर ६० मिनिटं!

कनेक्शन म्हणजे काही ताणलेली तार नव्हे. दोन्ही टोकांच्या मेमरीत एकेक नोंद असते, तेच कनेक्शन. मधली फायरवॉल स्वतःची वेगळी वही ठेवते. तासभर कुणी बोललं नाही की ती आपली नोंद खोडते, आणि दोघांनाही कळवत नाही. सर्व्हर समजतो, संबंध अजून आहेत. तो रिपोर्ट पाठवतो, फायरवॉल मुकाट्यानं टाकून देते. उत्तर नाही म्हणून लिनक्स अंतर वाढवत वाढवत पुन्हा पाठवत राहतो. अशा १५ प्रयत्नांनंतर हार मानायला त्याला साधारण १५ मिनिटं लागतात. मग नवं कनेक्शन जुळतं आणि रिपोर्ट जातो. पाव तासाचं कोडं ते हेच.

दोन्ही टोकांना टीसीपीडम्प लावल्यावर पुरावा मिळाला. इकडून पॅकेट निघत होतं, तिकडे पोचत नव्हतं.

व्हिडिओ कॉलवर आईनं विचारलं, 'एवढी रात्र रात्र जागून करता तरी काय?' तिला आजीचं उदाहरण दिलं. आजी गोष्ट सांगताना आपण 'हूं' म्हणायचो. हुंकार थांबला की पोर झोपलं असं समजून ती गोष्ट आवरती घ्यायची. कॉम्प्युटरमध्येही असा हुंकार असतो, त्याला कीपअलाइव्ह म्हणतात. पण लिनक्स तो पहिल्यांदा देतो ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी. १९८९ च्या इंटरनेट मानकातच लिहिलंय, की ही वेळ मुळात दोन तासांपेक्षा कमी नसावी. मधल्या यंत्रांना मात्र एवढा धीर नाही. अ‍ॅझ्युअरचा लोड बॅलन्सर मुळात ४ मिनिटं थांबतो, अ‍ॅमेझॉनचा नॅट गेटवे ३५० सेकंद. क्लाउडवर काम करणाऱ्या आपल्या मंडळींना हे दुखणं कधी ना कधी भेटणारच.

आम्ही हुंकार ३०० सेकंदांवर आणला. यात एक मेख आहे. नुसतं सिस्टिमचं सेटिंग बदलून भागत नाही, प्रोग्रॅमनं स्वतः कीपअलाइव्ह मागावं लागतं. आमचा प्रोग्रॅम ते मागत नव्हता. एसएस कमांडला 'ओ' हा पर्याय जोडला की कनेक्शनपुढे कीपअलाइव्हचा टायमर दिसतो. दिसला नाही, तर सेटिंग कितीही बदला, उपयोग शून्य. प्रोग्रॅमच्या कॉन्फिगरेशनमध्ये एक ओळ घातली, तेव्हा कुठे टायमर दिसू लागला.

त्यानंतर रिपोर्ट अडकले नाहीत. रात्रपाळीच्या नर्सेस तरी पुढचे दोन आठवडे फोन करून खात्री करतच होत्या. मीही त्यांना थांबवलं नाही.