दारातील सायकल आणि चौकातील मोटार

वाराणसीमध्ये गंगेच्या पश्चिम काठावर पंचगंगाघाट, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट हे तीन घाट एकमेकांना लागून आहेत. दुर्गाघाट अठराव्या शतकात नारायण दीक्षित पाटणकर यांनी बांधविला, असे सांगतात. पेशवेकाळापासून अनेक मराठी कुटुंबे या परिसरात येऊन स्थायिक झाली. येथील घरे उंच व दगडी असून गल्ल्या अतिशय अरुंद आहेत. समोरून एखादा बैल आला, तर वाटसरूला भिंतीला टेकून उभे राहावे लागते. ही वस्ती वसली तेव्हा मोटार अस्तित्वातच नव्हती. साहजिकच आजही या घरांच्या दारापर्यंत मोटार पोहोचू शकत नाही.

असे असले तरी या भागातील कुटुंबांना मोटारीची गरज भासतेच. मोटार घेतली की ती विश्वेश्वरगंज किंवा मैदागिन यांसारख्या भागात, मोठ्या रस्त्यालगत भाड्याची जागा पाहून ठेवावी लागते. सायकल मात्र गल्लीतून हातात धरून नेता येते आणि रात्री घराच्या देवडीत ठेवता येते. त्यामुळे मोटार बाळगणे आणि ती रोज वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दुर्गाघाटावरील माणसाला सहज उमगते. इतर शहरांत मोटार दारातच उभी असल्यामुळे हा फरक आपल्या लक्षात येत नाही. या पाठात आपण तोच फरक समजून घेणार आहोत.

प्रथम वेळेचा विचार करू. दुर्गाघाटावर राहणारी एखादी व्यक्ती काशी हिंदू विश्वविद्यालयात नोकरी करते, अशी कल्पना करा. हे अंतर साधारणपणे सहा किलोमीटर आहे. मोटारीने जायचे तर आधी गल्लीतून वाहनतळापर्यंत चालत जावे लागते, मोटार बाहेर काढावी लागते, गर्दीत थांबावे लागते आणि शेवटी ती उभी करण्यासाठी पुन्हा जागा शोधावी लागते. सायकलस्वार ताशी बारा किलोमीटर या बेताच्या वेगाने निघाला, तरी अर्ध्या तासात पोहोचतो. मोटारीचा वेग अधिक असतो हे खरे. पण गर्दीच्या शहरात तो वेग वापरायला मोकळा रस्ताच मिळत नाही.

आता पैशांचा हिशेब पाहू. मोटारीचा खर्च दोन प्रकारचा असतो. मोटार चालो अथवा न चालो, जो खर्च होतोच, तो स्थिर खर्च होय. मोटारीची दरवर्षी घटणारी किंमत, विमा, कर आणि जागेचे भाडे यांचा त्यात समावेश होतो. मोटार जितकी चालेल तितका वाढत जाणारा खर्च म्हणजे चालता खर्च होय. इंधन हा त्याचा मुख्य भाग आहे.

हिशेब सोपा व्हावा म्हणून काही आकडे गृहीत धरू. सहा लाख रुपयांची मोटार दहा वर्षे वापरून एक लाखाला विकली, तर तिची किंमत दरवर्षी सरासरी ५०,००० रुपयांनी घटली. विमा, भाडे व किरकोळ देखभाल यांसाठी वर्षाला २५,००० रुपये धरू. म्हणजे स्थिर खर्च ७५,००० रुपये झाला. नोकरीसाठी रोज बारा किलोमीटर, असे वर्षातील २५० दिवस प्रवास केला, तर ३,००० किलोमीटर होतात. गर्दीत एका लिटरमध्ये मोटार दहा किलोमीटर चालते व पेट्रोल लिटरला १०० रुपये आहे असे मानले, तर हा चालता खर्च ३०,००० रुपये होतो.

येथे अनेकांची गल्लत होते. “एवढे पैसे घालून मोटार घेतली, मग ती वापरली नाही तर पैसे वाया जातील,” असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात स्थिर खर्चाचे ७५,००० रुपये मोटार चालविल्याने परत मिळत नाहीत. रोज सकाळी आपल्यापुढे असणारा प्रश्न फक्त त्या दिवसाच्या १२० रुपयांचा असतो. सायकलने गेल्यास ते वाचतात आणि वर्षाकाठी ३०,००० रुपये शिल्लक राहतात. सायकलच्या नळ्या, धावा आणि दुरुस्ती यांचा खर्च या रकमेच्या मानाने फारच थोडा असतो.

या हिशेबाला दुसरी बाजूही आहे. वर्षातून केवळ वीस वेळा मोटार बाहेर काढली, तर स्थिर खर्चापोटीच प्रत्येक फेरी ३,७५० रुपयांना पडते. तेवढ्यात भाड्याची मोटार मिळत असेल, तर स्वतःची मोटार ठेवावी की नाही, याचा विचार करायला हवा. मात्र हा विचार रोजचा नसून मोटार घेताना किंवा विकताना करावयाचा आहे. विम्याच्या बाबतीतही अलीकडे थोडी सोय झाली आहे. वाहन किती चालते यावर काही अंशी हप्ता ठरविणारी योजना देण्यास भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने २०२२ मध्ये विमा कंपन्यांना मुभा दिली. मोटार कमी वापरणाऱ्यांनी विमा घेताना अशा योजनेची चौकशी करावी.

जवळच्या अंतरासाठी मोटार अधिक खर्चिक ठरण्यामागे यांत्रिक कारणही आहे. इंजिन थंड असताना त्याला प्रमाणाबाहेर इंधन लागते. धूर शुद्ध करणारे उपकरणही पुरेसे तापल्याशिवाय नीट काम करीत नाही. म्हणून छोट्या फेरीत दर किलोमीटरमागे इंधन जास्त जळते आणि धूरही जास्त विषारी असतो. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. वरील उदाहरणातील ३०० लिटर पेट्रोल वाचले, तर वर्षाला जवळजवळ ७०० किलो वायू हवेत जाण्याचे टळते.

आरोग्याचा लाभ तर उघडच आहे. प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये केली. जाऊन-येऊन रोज एक तास सायकल चालविणाऱ्याचा पाच दिवसांत ३०० मिनिटांचा व्यायाम होतो. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही.

मग मोटार कशासाठी? मध्यरात्री वडिलांच्या छातीत दुखू लागले, तर त्यांना सायकलवर बसवून रुग्णालयात नेता येत नाही. वृद्ध आजी, तान्हे मूल, जड सामान, बाबतपूरच्या विमानतळाचा प्रवास किंवा मुसळधार पाऊस अशा वेळी मोटारीचे मोल कळते. अशा प्रसंगी ती सुरू झालीच पाहिजे. म्हणून सायकल वापरणाऱ्यानेही मोटारीकडे दुर्लक्ष करू नये. मोटार फार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, चाकांतील हवा कमी होते, ब्रेकला गंज चढतो आणि कधी उंदीर तारा कुरतडतात. आठवड्यातून एकदा ती अर्धा तास रस्त्यावर चालवावी. नुसती दोन मिनिटे सुरू करून बंद केल्यास बॅटरी भरण्याऐवजी आणखी उतरण्याचाच संभव असतो. विम्याची मुदतही न चुकता पाहावी.

सायकलच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. वाराणसीत मे-जून महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. अवजड वाहनांच्या रस्त्यावर सायकलस्वाराच्या जिवाला धोका असतो. म्हणून घंटा, दिवा, मागील परावर्तक आणि चांगले ब्रेक यांवाचून सायकल रस्त्यावर आणू नये. शिरस्त्राण वापरणे हिताचे असते. परंतु सारा भार सायकलस्वारावर टाकणे योग्य नाही. रस्ते वाहनांच्या नव्हे, तर माणसांच्या ये-जा करण्याच्या दृष्टीने आखावेत, असे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात म्हटले आहे. नेदरलँड्समध्ये लोकसंख्येपेक्षा सायकली अधिक आहेत. तेथील बहुसंख्य कुटुंबांकडे मोटारही आहे. पण सुरक्षित सायकलमार्ग असल्यामुळे जवळच्या प्रवासाला लोक सहजपणे सायकल काढतात.

आपल्याकडे सायकलला गरिबीची खूण समजण्याची प्रवृत्ती आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, तर मोटार ५ टक्क्यांहून कमी कुटुंबांकडे होती. त्यामुळे मोटार मिळाली की सायकल टाकून देणे ही प्रगती मानली गेली. “मोटार असून सायकलवर का फिरता?” असा प्रश्न शेजारी, सहकारी आणि कधी घरचेही विचारतात. हा प्रश्न हिशेबाचा नसून प्रतिष्ठेचा असतो. अनेकजण केवळ त्या संकोचामुळे पैसा, वेळ आणि आरोग्य यांचे नुकसान सोसतात.

तुमच्या घरी मोटार नसेल, पण स्कूटर किंवा मोटारसायकल असेल, तरी हाच विचार लागू पडतो. एक आठवडाभर आपल्या प्रत्येक फेरीची नोंद ठेवा. किती अंतर गेलात, बरोबर कोण होते, सामान किती होते, हे लिहा. त्यांपैकी कोणत्या फेऱ्या पायी किंवा सायकलने होऊ शकल्या असत्या, यावर खूण करा. दुर्गाघाटावरील अरुंद गल्ली तेथील माणसाला रोज घराबाहेर पडताना हा विचार करायला लावते. रुंद रस्त्यावर राहणाऱ्यांनी तो आपण होऊन करायचा आहे.