योजनांच्या नावांतील नाती

भोपाळच्या शासकीय कार्यालयात एखाद्या योजनेची चौकशी केली, की ‘हितग्राही’ हा शब्द कानावर पडतो. महाराष्ट्रात त्याच माणसाला ‘लाभार्थी’ म्हणतात. एकाच्या पदरात काही पडले आहे, दुसरा अजून अपेक्षेत आहे. प्रत्यक्षात दोघेही सारख्याच रांगेत उभे असतात, ही गोष्ट वेगळी. तरी शब्दांकडे लक्ष द्यायला हवे. सामाजिक धोरण पैसा किंवा धान्य पोहोचवते, त्याच्या आधी ते शासन आणि नागरिक यांचे नाते ठरवते. लोक पुढे काय मागतील, कोणाकडे मागतील आणि एकत्र येतील की एकेकटे जातील, हे बऱ्याच अंशी त्या नात्यावर अवलंबून असते.

आपल्या शहराचाच दाखला घेऊ. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. चार महिन्यांच्या आत, मार्च १९८५ मध्ये, संसदेने कायदा करून पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार केवळ केंद्र सरकारकडे घेतला. त्यामागे ‘पॅरेन्स पॅट्रिए’ हे जुने तत्त्व होते : ज्याला आपली बाजू मांडता येत नाही, त्याचे पालक राज्य. आपल्याकडे ‘मायबाप सरकार’ हा शब्दप्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे; येथे तो कायद्यात उतरला. झोपडपट्टीतल्या माणसाने परदेशी कंपनीशी एकट्याने लढावे तरी कसे, हा प्रश्न खराच होता. पण पालक पाल्याला विचारून निर्णय घेतोच असे नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली, तेव्हा पीडितांचे म्हणणे ऐकलेच गेले नव्हते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, मात्र पीडितांचे म्हणणे ऐकून घ्यायला हवे होते, हेही मान्य केले.

मदत वाटायची तर कोणाला, हे ठरवावे लागते. शहराच्या ५६ वॉर्डांपैकी ३६ वॉर्ड वायुग्रस्त ठरले. १९९० पासून तेथील रहिवाशांना दरमहा २०० रुपये अंतरिम मदत सुरू झाली. रस्त्याच्या या बाजूचा माणूस ‘गॅसपीडित’, पलीकडचा नाही. व्यवसायाने, जातीने, धर्माने ओळखल्या जाणाऱ्या मोहल्ल्यांना एक नवी सामायिक ओळख मिळाली, आणि ती सिद्ध करण्यासाठी दवाखान्याच्या चिठ्ठ्या दागिन्यांसारख्या जपाव्या लागल्या. बहुसंख्य जखमींच्या वाट्याला २५ हजार रुपये आले, तेही अंतरिम मदतीची रक्कम वजा करून.

या धोरणातून एक अनपेक्षित गोष्ट घडली. शासनाने पीडित स्त्रियांसाठी शिवणकामाची आणि स्टेशनरी बनवण्याची केंद्रे काढली होती. हेतू पुनर्वसनाचा, म्हणजे घरी चार पैसे यावेत एवढाच. पण त्यातल्या अनेकींना घराबाहेर, पगारासाठी, वेगळ्या धर्माच्या बाईच्या शेजारी बसून काम करण्याची ही पहिलीच वेळ होती. शिवणकेंद्र बंद करण्याचा घाट घातला गेला तेव्हा त्या घरी परतल्या नाहीत. १९८६ मध्ये ‘भोपाल गॅस पीडित महिला उद्योग संघटन’ उभे राहिले आणि अब्दुल जब्बार यांनी २०१९ मध्ये आपल्या निधनापर्यंत त्याचे नेतृत्व केले. संघटनेच्या नावातला ‘उद्योग’ आजही त्या शिवणयंत्रांची आठवण देतो. स्टेशनरी केंद्रातील रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांनी आपली वेगळी संघटना बांधली. १९८९ मध्ये त्या सहकारी स्त्रियांसह दिल्लीपर्यंत पायी गेल्या. दरमहा २०० रुपयांनी जे झाले नाही, ते एका छपराखाली रोज एकत्र बसण्याने झाले. कल्याणकारी योजना आखणाऱ्यांनी या फरकाचा जेवढा विचार करायला हवा होता, तेवढा केला नाही असे माझे मत आहे.

अशा एकत्र येण्याला धोरणातच जागा ठेवली, तर काय होते? याचे उत्तर महाराष्ट्रात आधीच मिळाले होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात विस्तारली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ‘हमी’ हा शब्द नात्यागोत्याचा नव्हे, व्यवहारातला. हमी देणारा बांधला जातो. जो प्रौढ माणूस अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते द्यायचे, नाहीतर बेकारी भत्ता. येथे ‘मी पीडित आहे’ हे सिद्ध करावे लागत नव्हते. फावडे उचलण्याची तयारी हाच पुरावा. खर्चासाठी शहरांतल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. खोटी मस्टर, रखडलेली मजुरी हे सारे तेथेही झालेच. पण काम मिळाले नाही तर तहसील कचेरीवर मोर्चा नेण्याला मजुरांकडे कायद्याचा आधार होता. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यापुढे हाच नमुना होता.

अलीकडे पुन्हा नात्यागोत्याचे शब्द आले आहेत. मध्य प्रदेशाची ‘लाडली बहना’ २०२३ मध्ये आली. २०२४ मध्ये ती महाराष्ट्रात ‘लाडकी बहीण’ झाली. सीमा ओलांडताना केवळ भाषा बदलली नाही. आपल्याकडे ही बहीण विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित असावी लागते. महाराष्ट्राने कुटुंबातील एका अविवाहित स्त्रीलाही घेतले. पैसे थेट स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात येतात, ही गोष्ट लहान नाही. ज्या घरात भाजीसाठीही हात पसरावा लागतो, तेथे हजार रुपयांचे मोल काय ते त्या घरातल्या बाईलाच कळते. पण खाते जिचे तिचे असते. शिवणकेंद्रासारखी एकत्र बसण्याची जागा या योजनेत नाही. आणि भावाने घातलेल्या ओवाळणीचा हिशेब विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. रक्कम वाढली तर आनंद, नाव यादीतून गळले तर दाद कोणत्या हक्काने मागायची?

भोपाळमध्ये ही दोन नाती एकाच महिन्यात समोरासमोर आली. ५ मार्च २०२३ रोजी येथे ‘लाडली बहना’चा प्रारंभ झाला. नऊ दिवसांनी, १४ मार्चला, वायुपीडितांसाठी वाढीव भरपाई मागणारी केंद्र सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. १९९१ च्या आदेशाप्रमाणे पीडितांसाठी विमा उतरवणे सरकारचे काम होते आणि ते न करणे हा घोर निष्काळजीपणा होता, असे न्यायालयाने पालकालाच सुनावले. त्याच महिन्याच्या अखेरीस वॉर्डावॉर्डांत नव्या योजनेचे अर्ज भरणे सुरू झाले, त्या ३६ वॉर्डांतही.