मे महिन्यात तग धरील ते झाड

मृगाचे चार शिंतोडे पडले की गावोगाव झाडं लावण्याची एकच घाई उडते. शाळेत तर विचारूच नका. खड्डे खणले जातात, रोपं येतात, मुलं-मुली रांगेनं उभी राहतात, गुरुजी हाताला माती लावतात. सगळं कसं मंगल वाटतं. मग पुढचा वैशाख येतो. शाळेला सुट्टी, विहिरीत खडखडाट, आणि त्या खड्ड्यांतून उरतात नुसत्या वाळक्या काड्या.

हा अनुभव मीही घेतलेला आहे. एका जिरायत गावातल्या शाळेत आम्ही एका पावसाळ्यात चाळीस रोपं लावली. गुलाब होते, अनंत होता, कुणीतरी हौसेनं आणलेला क्रोटन होता. पुढच्या जूनला शाळा उघडली तेव्हा जिवंत होती फक्त दोन झाडं. हात धुण्याच्या जागेजवळची कर्दळ आणि कुंपणाच्या मुरमातला पांढरा चाफा. गंमत अशी, की या दोघांकडे आमच्यापैकी कुणीही लक्ष दिलं नव्हतं. झाड जूनचा पाऊस पाहून निवडायचं नसतं, मे महिन्याचं ऊन पाहून निवडायचं असतं, हे आम्हाला त्या दोघांनी शिकवलं.

आधी एक घोळ मिटवू या. बहुवर्षायू म्हणजे बारा महिने फुलणारं झाड नव्हे. झेंडू, तेरडा ही हंगामी मंडळी. बी धरलं की त्यांचं आयुष्य सरलं. बहुवर्षायू झाड एकदा लावलं की वर्षानुवर्षं त्याच जागी राहतं; पण त्यातलं बहुतेक प्रत्येक झाड वर्षातून केव्हातरी विश्रांती घेतं. चाफा हिवाळ्यात पानं टाकतो आणि जाड फांद्यांत साठवलेल्या पाण्यावर कोरडे महिने काढतो. कर्दळीचं वरचं खोड वाळलं तरी मातीखालचा गड्डा जिवंत असतो. भुईचाफा तर पुरता नाहीसा होतो. उन्हाळ्याच्या शेवटी अचानक जमिनीतून फूलच वर येतं, पानं मागाहून पावसात येतात. झाडाची ही विश्रांती तुमच्या पाणीटंचाईच्या दिवसांत पडली, तर तुमचं अर्धं काम झालं म्हणून समजा.

आता जागा पाहा. हातभर खोल खड्डा घ्या आणि तो पाण्यानं भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर ती जमीन पाणी न जिरवणारी. तिथं चाफा, शेवंती, कोरफड सपाटीला लावलीत तर मुळं कुजणार. माती वीतभर उंच करून वाफा करा. आपल्या काळ्या जमिनीचा स्वभाव तर तुम्हाला माहीतच आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भेग पडताना कोवळी मुळंही तोडते. म्हणून काळ्या रानात झाडाच्या बुडाशी पालापाचोळा किंवा उसाचं पाचट जाड अंथरलंच पाहिजे. शिवाय या मातीत चुना जास्त असला की झाडाला लोह मिळत नाही. एक्झोऱ्याची पानं पिवळी पडतात ती यामुळे. माणसं मात्र बिचाऱ्याला आणखी पाणी घालत बसतात!

कोकणात आणि गोव्यात नेमकं उलटं. जांभ्याची माती आंबट; तिथं एक्झोरा, अनंत, अबोली खुशीत वाढतात. पण तिथलीही अडचण आहेच. चार महिने धो धो पाऊस, आणि फाल्गुन आला की तोच जांभा कोरडा ठणठणीत. पाणी धरून ठेवणं त्याला माहीत नाही. म्हणून अबोली अर्ध्या सावलीत लावावी, म्हणजे उन्हाळ्याचा मार कमी बसतो.

उन्हाचंही तसंच. घराच्या किंवा शाळेच्या दक्षिणेच्या भिंतीला हिवाळाभर ऊन मिळतं. शेवंतीला ती जागा उत्तम. उत्तरेच्या भिंतीला त्या दिवसांत उन्हाचा कवडसाही लागत नाही. शिक्षक मंडळींनी मुलांना हे अंगणातच दाखवावं. मेच्या मध्याला पुण्याच्या आसपास भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते, कारण सूर्य थेट माथ्यावर येतो. नंतर तो उत्तरेकडे सरकतो. उत्तरेच्या भिंतीला भर दुपारी ऊन लागायचे ते हेच काही आठवडे, आणि त्यातले पुष्कळ ढगांत जातात. तिथं अडुळसा लावा, पानओवा लावा, भुईचाफा लावा. सर्वांत वाईट पश्चिमेची भिंत. दुपारभर तापते आणि रात्रीपर्यंत धग सोडत नाही. तिथं बोगनवेलच टिकावी. तिला पाण्याचा ताण बसला की उलट जास्त रंग चढतो. ज्याला आपण तिचं फूल म्हणतो ती खरं तर रंगीत पानं. फूल म्हणजे मधली ती इवलीशी पांढरी नळी. मात्र काटे असतात, तेव्हा वाटेवर नको.

पाण्याचं काय? ज्या गावात टँकरची वाट पाहावी लागते तिथं पिण्याचं पाणी बागेला घालणं मला पटत नाही. पण शाळेत पोषण आहार शिजतो, मुलं हात धुतात, ताटं धुतात. ते पाणी रोजचं आहे. त्याच्या वाटेवर कर्दळ, केळ, अळू लावा. आता तुम्ही म्हणाल, सुट्टीत ताटंच धुतली जात नाहीत, मग? केळीचं अवघड जाईल हे खरं. कर्दळ मात्र वाळेल, गड्ड्यात दडेल आणि जूनमध्ये पुन्हा कोंब काढील. आमच्या शाळेत नेमकं तेच झालं होतं.

कोरड्या जागेचा राजा म्हणजे पांढरा चाफा. सोनचाफ्याशी त्याची गल्लत करू नका, बरं का! सोनचाफा पाण्याचा भुकेला. पांढऱ्या चाफ्याची हातभर फांदी उन्हाळ्यात तोडावी, चीक गळू द्यावा, आठवडाभर सावलीत पडू द्यावी आणि मग मुरमाड मातीत खोचावी. ओली फांदी लगेच पुरलीत तर कुजते. सोबतीला सदाफुली आणि कोरफड लावा. सदाफुलीला गुरंही सहसा तोंड लावत नाहीत. तिचं मूळ घर मादागास्कर बेट, पण आता ती आपल्या परसातलीच होऊन गेली आहे. तिच्यापासून कर्करोगावरची औषधं काढतात हे खरं असलं, तरी पाला घरी चावून खाऊ नये. तो विषारी आहे.

विषाचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट सांगतो. कण्हेर ही कोरड्या जागेला फार चिवट, शेळीही शिवत नाही, म्हणून लोक शाळेच्या कुंपणाला लावतात. लावू नका. तिचं पान, फूल, मूळ, सगळं विषारी. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी तर मुलं खेळतात, आणि त्यातलं बी पोटात गेलं तर जिवावर बेततं. कुंपणाला मेंदी काय वाईट आहे?

ऋतूंचं थोडक्यात सांगायचं, तर उन्हाळ्यात मोगरा, पावसाळ्यात जाई आणि पावसाळी लिली, शरदात पारिजातक, थंडीत शेवंती, एवढी पाच घरं भरली की वर्ष भरलं. यातल्या दोघांचं मात्र जरा सांगायला हवं. मोगऱ्याला डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडावं, मग छाटून खत-पाणी द्यावं. संत्र्याचा आंबे बहार धरणाऱ्या शेतकऱ्याला यात नवल वाटायचं नाही. ताण द्यायचा आणि मग पाणी सोडायचं, तोच हिशेब. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात बादलीभरही पाणी नाही त्यांनी मोगऱ्याच्या वाटेला जाऊ नये. आणि शेवंती फुलत नसेल तर खताआधी रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहा. रात्र मोठी झाली की तिला कळ्या धरतात. रात्रभर दिव्याचा उजेड अंगावर पडला, तर तिला रात्र झाल्याचं कळतच नाही. फुलं संपली की बुडाशी आलेले फुटवे वेगळे करून लावावेत.

आता शेवटचं. कितीही चिवट झाड असलं तरी पहिले दोन उन्हाळे त्याला आधार हवा. खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्या, आणि रोप लावा ते दोन चांगले पाऊस झाल्यावर. रोपाशेजारी एक मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा. त्याच्या बुडाला लहान भोक पाडून सुती चिंधीची वात बसवा आणि तोंडावर खापरी ठेवा. पाणी वातीतून सावकाश मुळाशी झिरपतं, उन्हात उडून जात नाही. आणि सुट्टी लागण्यापूर्वी एवढं ठरवा, की कोणतं मडकं कुणाच्या घराजवळचं आणि आठवड्यातून दोनदा ते कोण भरणार. चाळीस झाडांना चाळीस माणसं मिळत नसतील, तर पुढच्या जूनला दहाच झाडं लावा.