घाटकोपरचा पत्ता टर्मिनलवरून

टाइपपॅड ही ब्लॉगसेवा ३० सप्टेंबर २०२५ला बंद झाली आणि त्याआधी वर्षानुवर्षांचं लेखन उतरवून घ्यायला जगभर धावपळ उडाली. आपल्या मुंबईच्या उपनगरांना झळ बसली नाही, कारण आपला कारभार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर! पण १९२३पासून चालत आलेल्या पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघासारख्या संस्थांची इथे परंपरा आहे. अशा संस्थांच्या मजकुराचं आयुष्य एखाद्या कंपनीने का ठरवावं?

इलाज साधा आहे. मजकुराच्या फाइली आपल्याजवळ ठेवायच्या आणि त्यांतून एचटीएमएलची तयार पानं काढायची. डेटाबेस नाही, प्लगइनची कटकट नाही. रुबीतलं जेकिल (२००८), गो भाषेतलं ह्युगो, पायथनमधलं निकोला ही अशी पानं काढणाऱ्या प्रोग्रामांतली काही नावं. माझा कल निकोलाकडे, तेवढा पक्षपात चालवून घ्या.

टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'निकोला न्यू_पोस्ट' टाइप केलं की ते शीर्षक विचारतं आणि 'पोस्ट्स' फोल्डरमध्ये फाइल ठेवतं. वर शीर्षक, स्लग, तारीख, टॅग. खाली तुमचा मजकूर. 'न्यू_पेज' म्हटलंत तर फाइल 'पेजेस'मध्ये जाते. पोस्ट तारखेनुसार पहिल्या पानावर आणि आरएसएस फीडमध्ये झळकते, नवी आली की खाली सरकते. पेज जागचं हलत नाही. मात्र मेनूत त्याची लिंक तुम्हीच द्यायची, नाहीतर ते कुणाला सापडायचं नाही. वाचनालयाची वेळ आणि वर्गणी हे पेज, शनिवारचं व्याख्यान ही पोस्ट. ग्रुपवर या दोन्हींची खिचडी होते, म्हणून तर 'आज उघडं आहे का हो?' हा प्रश्न संपत नाही.

खरी गंमत स्लगची, म्हणजे पत्त्यात दिसणाऱ्या नावाची. देवनागरी शीर्षक दिलं की निकोला नेहमीच्या सेटिंगमध्ये त्याचं रोमन करतं, तेही यंत्राच्या अकलेने: 'घाटकोपर'मध्ये टी दोनदा येतो आणि शेवटच्या पी-आरमधला ए गायब! तेव्हा स्लगची ओळ बिल्डआधीच, म्हणजे पानं काढण्यापूर्वीच, हाताने सुधारा. नंतर बदललात तर आधी पाठवलेल्या लिंका मेल्याच समजा.

साइट ठेवायला गिटहब पेजेस आहे, १ जीबीपर्यंत फुकट. टर्मिनलची धास्ती असेल तर पवईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठी आवाजात मिळतात. बोरिवली लोकलमध्ये लोंबकळत फोनवरून सूचना टाकणं मात्र इथे जमत नाही, आणि कमिटीत हे येणारा एकच पोरगा असेल तर तो नोकरीला बंगळुरूला जायच्या आत आणखी दोघांना शिकवून घ्या.