न्यायमूर्ति रानडे यांची धुळ्यांतील कसोटी

विद्वत्ता आणि मुत्सद्देगिरी यांचा योग एकाच पुरुषाच्या ठायीं क्वचित् आढळतो. इटलींतील व्हेनिसच्या प्रजासत्ताकांत मार्को फोस्कारिनी हा ग्रंथकार १७६२ सालीं राज्याच्या सर्वोच्च पदावर निवडला गेला. त्याच्या विद्वत्तेच्या पाठीशीं स्वतःचें राज्य होतें. महादेव गोविंद रानडे यांस हा आधार नव्हता. परक्या सरकारची चाकरी करीत असतां लोकांचें हित साधावयाचें, असा त्यांच्यापुढील पेंच होता. आणि त्याची खरी कसोटी धुळ्यास लागली.

१८४२ सालीं निफाड येथें जन्मलेले रानडे १८७१ मध्यें पुण्यास न्यायाधीश झाले. तेथील सार्वजनिक सभेचे ते मार्गदर्शक होते. दुष्काळांतील रयतेची हलाखी सभेनें सरकारपुढें मांडली. सभेच्या १८७८ सालीं निघालेल्या इंग्रजी त्रैमासिकांत रानड्यांचे पुष्कळ लेख येत. त्याच वर्षीं त्यांची नाशकास बदली झाली. पुढें वासुदेव बळवंत फडके यांचें बंड चालू असतांच, मे १८७९ मध्यें, पुण्याचा बुधवारवाडा जळाला. पुण्याच्या सुशिक्षित पुढाऱ्यांवर सरकारचा संशय बळावला, आणि रानड्यांस तांतडीनें धुळ्यास पाठविण्यांत आलें.

पांझरेच्या एका तीरास धुळें व दुसऱ्या तीरास देवपूर. या शांत गांवीं रानड्यांचीं पत्रें फोडून वाचलीं जाऊं लागलीं. बंडखोरांच्या नांवें लिहिलेलीं पत्रेंही त्यांस येऊं लागलीं. असें एखादें पत्र घरांत सांपडतें, तर तेवढ्यावरून ते दोषी ठरले असते. जाळावें, तरी संशय वाढणारच. रानड्यांनीं तीं पत्रें पाकिटांसह पोलिसांकडे पाठवून दिलीं. त्यांनीं नोकरीचा राजीनामा दिला नाहीं, कीं कोणाची मनधरणी केली नाहीं. न्यायदानाचें काम नित्याप्रमाणें चालू ठेविलें. संशय हळूहळू ओसरला, आणि १८८१ च्या आरंभीं मुंबईस मॅजिस्ट्रेटच्या जागीं त्यांची नेमणूक झाली. १८८५ मध्यें ते मुंबईच्या कायदे कौन्सिलांत गेले, आणि १८९३ मध्यें हायकोर्टाचे न्यायमूर्ति झाले.

या संयमास भित्रेपणा म्हणणारे तेव्हांही होते. परंतु लोकांचें गाऱ्हाणें उघडपणें व सप्रमाण मांडावयाचें, ही रानड्यांची रीत होती. तिचें सारें बळ मांडणाऱ्याच्या निष्कलंकपणावर अवलंबून होतें, व तेंच त्यांनीं धुळ्यास राखिलें. १९०० सालीं त्यांनीं मराठी सत्तेच्या उदयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मराठ्यांचें राज्य हा कांहीं साहसी लोकांचा लुटारूपणा नसून साऱ्या समाजाच्या जागृतीचें तें फळ होतें, असें त्यांनीं त्यांत प्रतिपादिलें. १६ जानेवारी १९०१ रोजीं ते निवर्तले. त्यांस स्वतःचें राज्य लाभलें नाहीं. परंतु राज्य कशावर उभें राहतें, हें त्यांनीं आपल्या लोकांस दाखवून दिलें.